दान दिलेल्या कामाचा कागद



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा "मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावणाऱ्यांचे कॉपीराइटचे कागद" असे आम्ही सांगितले. फोनवर पलीकडून काही वेळ आवाजच येईना. मग हळूच प्रश्न आला, "लोक बसतील ना?" नागपुरात या दिवसांत संध्याकाळी माणूस घराबाहेर पडतो तो वारा खाण्यासाठी, करारपत्रांची चर्चा ऐकण्यासाठी कोणी पडत नाही, हे आम्ही जाणतो. तरी आपण आलात आणि बसलात. तेव्हा कायद्याची कलमे फारशी न ओढता, आणि जी ओढावी लागतील ती घरगुती भाषेत सांगून, हा विषय मांडण्याचा आमचा प्रयत्न राहील.

प्रथम मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. संगणकाला काय करावयाचे ते सांगणारा मजकूर माणूस लिहितो, त्याला प्रोग्रॅम म्हणतात. पुष्कळ कंपन्या हा मजकूर तिजोरीत ठेवतात आणि आपल्याला केवळ वापरण्यापुरता देतात. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणारे तसे करीत नाहीत. हा प्रोग्रॅम वापरा, वाचा, बदला आणि दुसऱ्याला द्या, असे ते सांगतात. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने १९८३ साली ग्नू नावाचा उपक्रम जाहीर केला आणि १९८५ साली त्यासाठी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था काढली. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्स आणले. ही नावे परकी वाटतील, पण या सभागृहात ज्यांच्या खिशात अँड्रॉइडचा फोन आहे त्यांच्या खिशात लिनक्स आहेच. आपल्या महाराष्ट्रातही हे काम झाले आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून 'नौसिस' हा प्रोग्रॅम ग्नूच्या यादीत गेला. पुण्यात बसून रेड हॅट कंपनीच्या माणसांनी 'लोहित' या मुक्त अक्षरसंचाची निगा राखली. पडद्यावर मराठी नीट दिसत नसे त्या काळात अनेकांनी त्याच अक्षरांतून मराठी वाचली.

हे काम करणारे सगळेच पगारी नसतात. कचेरी सुटल्यावर, पोरे झोपल्यावर, रविवारी दुपारी बसून लिहिणारेही त्यांत पुष्कळ आहेत. कोणी एक चूक दुरुस्त करतो, कोणी भाषांतर करतो, कोणी पाचशे ओळी लिहितो. आणि हे सर्व ते फुकट देतात.

आता आपण म्हणाल, फुकट दिले ना? मग कागद कसला आणि हक्क कसला? आमच्याकडे येणारी मुले नेमके हेच विचारतात. आम्ही नागपुरातली चारपाच मंडळी गेली काही वर्षे अशा मुलांना ही पत्रे भरून देण्यास मदत करतो. आमच्यांतील एक वकील, एक निवृत्त बँक अधिकारी, बाकीचे संगणकाच्या व्यवसायातले. काम कारकुनी आहे. पण कारकुनी कामात जग जसे दिसते तसे ते व्यासपीठावरून दिसत नाही, हे आज व्यासपीठावर उभे राहून कबूल करतो.

जुन्या मराठी पुस्तकांच्या पहिल्या पानामागे 'सर्व हक्क ग्रंथकर्त्याने आपणाकडे ठेविले आहेत' अशा अर्थाचे वाक्य असे. ते वाचून आपली अशी समजूत झाली की, हक्क राखल्याचे छापले तरच हक्क राहतो आणि न छापले तर तो वाऱ्यावर जातो. खरे पाहता १९५७चा आपला कॉपीराइट कायदा तसे म्हणत नाही. तुम्ही लिहिलेत की हक्क जन्मला. नोंदणी लागत नाही, छपाई लागत नाही. १९८४च्या दुरुस्तीने संगणकाचे प्रोग्रॅमही वाङ्मयात जमा झाले. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने कादंबरी आणि हिशेबाचा प्रोग्रॅम एकाच फळीवर बसतात. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे हा हक्क चालतो. तो सोडून द्यावयाचा म्हटले तरी कायद्याच्या २१व्या कलमाप्रमाणे रजिस्ट्रारला नोटीस किंवा जाहीर सूचना द्यावी लागते. "मी दिले बुवा!" एवढ्याने भागत नाही.

आणि भागू नये, असेच मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना वाटते. कारण त्यांची सगळी गंमत मालकीवर उभी आहे. "हा प्रोग्रॅम घ्या, बदला, वाटा, पण वाटाल तेव्हा पुढच्यालाही हेच स्वातंत्र्य द्या," ही अट ग्नूच्या परवान्यात आहे. अट घालतो तो मालक. ज्याची मालकीच नाही त्याने अट घातली तर तिला कोण विचारतो? सार्वजनिक विहीर बांधून देणारा "या विहिरीवर कोणालाही मज्जाव करू नये" असे दगडावर कोरून ठेवतो, ते जागा त्याची असते म्हणून.

इथवर सोपे आहे. अडचण सुरू होते ती एका प्रोग्रॅमला चारशे हात लागतात तेव्हा.

आपणांपैकी ज्यांची गावाकडे शेती आहे त्यांनी सातबारा डोळ्यांपुढे आणावा. आजोबा गेले, वारसांच्या नोंदी झाल्या. चार मुलगे, तीन मुली. त्यांतले दोघे गेले, त्यांची मुले लागली. एक नात बंगळुरास, एक नातू टेक्सासात. सहा एकरांच्या सातबाऱ्यावर सतरा नावे. आता विहिरीसाठी कर्ज काढायचे, नाहीतर रस्त्यासाठी गेलेल्या तुकड्याचा मोबदला घ्यायचा. सतरा सह्या आणा. सोळा मिळतात. सतरावा मनुष्य वाईट नसतो, केवळ त्याचा पत्ता कोणाजवळ नसतो. त्या एका सहीपायी शेत वर्षानुवर्षे तसेच पडून राहिल्याची उदाहरणे या सभागृहात डझनाने निघतील.

चारशे जणांनी लिहिलेला प्रोग्रॅम म्हणजे चारशे नावांचा सातबारा. ओपन-एस-एस-एल नावाचा एक प्रोग्रॅम आहे. बँकेचे व्यवहार करताना आपला मजकूर वाटेत कोणी वाचू नये म्हणून जगभर जी कुलपे लावतात त्यांपैकी हे एक मोठे कुलूप. त्याचा परवाना जुना आणि अडचणीचा होता. तो बदलण्यासाठी २०१७ साली चालकांनी सुमारे चारशे जणांना पत्रे धाडली. पत्रात असे होते की, उत्तर आले नाही तर आपली हरकत नाही असे समजू. आपल्याकडे 'मौनं संमतिलक्षणम्' म्हणतात, पण ते लग्नाच्या बोलण्यात. मालकीच्या बाबतीत मौन म्हणजे संमती नव्हे, असा तेव्हा मोठा गिल्ला झाला आणि तो रास्त होता. नव्या परवान्याची आवृत्ती निघाली ती २०२१च्या सप्टेंबरात. चित्रपट पाहण्यासाठी आपली मुले व्ही-एल-सी नावाचा प्रोग्रॅम वापरतात. त्याचा परवाना २०११-१२मध्ये बदलताना शेकडो जुन्या लेखकांना एकेक करून गाठावे लागले.

याउलट आमच्या पुण्याच्या लोहितचे पाहा. तो अक्षरसंच आधी ग्नूच्या परवान्याखाली होता. पुस्तकात वा पडद्यावर अक्षरे गुंफली तर त्या सबंध पुस्तकालाही परवान्याची अट लागते की काय, अशी शंका अक्षरांच्या बाबतीत नेहमी निघते. म्हणून २०११ साली तो अक्षरांसाठीच केलेल्या खुल्या परवान्याखाली आणला गेला. मालक एक होता, म्हणून ठरवले आणि केले. एका सहीचे काम.

आणखी मागे जाऊन नागपूरचेच उदाहरण सांगतो. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश १९२०च्या दशकात निघाला. २३ खंड. काम चालले पुण्यास, पण प्रकाशक म्हणून नाव आहे ते नागपूरच्या ज्ञानकोश मंडळाचे. त्या खंडांत केतकरांचा हात मोठा, तरी इतरांचेही लेखन आहे. ते सगळे एका मंडळाच्या नावे निघाले, म्हणून मंडळाच्या वतीने कोणी बोलावयाचे हा प्रश्न उरला नाही. केतकर १९३७ साली वारले. त्यांच्या स्वतःच्या लेखनावरचा हक्क १९९७ अखेर संपला आणि आज ते कोणीही छापू शकतो. अनेक हातांचे काम एका नावावर ठेवणे आपल्याला नवे नाही, एवढेच यावरून दाखवायचे होते.

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने आरंभापासून हाच मार्ग धरला. तिच्या मालकीच्या प्रोग्रॅमला कोणी भरीव हातभार लावू लागला की त्याला एक लहानशी प्रश्नावली जाते. नाव, नागरिकत्व, जन्माचे वर्ष, कोणत्या प्रोग्रॅमवर काम, नोकरी कोठे. ती भरून पाठविली की करारपत्र येते, सही करून परत धाडावयाचे, संस्था आपली सही करून एक प्रत देते. पूर्वी हे सगळे समुद्रापलीकडच्या टपालाने चाले. पुढे स्कॅन केलेली प्रत चालू लागली. पंधरा ओळींपर्यंतच्या किरकोळ दुरुस्तीला कागद लागत नाही, असा त्यांचा साधारण दंडक आहे. लेखकाने हक्क लिहून द्यायचा, आणि संस्थेने त्याला त्याचे काम हवे तसे वापरण्याची परवानगी उलट द्यायची; शिवाय हे काम आम्ही नेहमी मुक्तच ठेवू असे वचनही द्यायचे. कोणी परवाना मोडला तर संस्था एकटी कोर्टात उभी राहू शकते, चारशे फिर्यादी गोळा करावे लागत नाहीत.

"लिहून द्या" हे शब्द ऐकले की मराठी माणूस दचकतो. दचकावेच. चारदोनशे रुपयांत पुस्तकाचे कायमचे हक्क प्रकाशकाला देऊन बसलेले आणि पुढे त्याच पुस्तकाच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघताना पाहत राहिलेले लेखक आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात थोडे नाहीत. आमचे मत असे की, कोणाला लिहून देतो याच्यावर सारे आहे. धर्मादाय संस्था एक आणि कंपनी निराळी. कंपनी आज भली असेल. उद्या ती विकली जाईल, परवा तिला भांडवलदारांना उत्तर द्यावे लागेल. २०२३च्या ऑगस्टमध्ये हॅशीकॉर्प या कंपनीने आपल्या टेराफॉर्म या प्रोग्रॅमचा खुला परवाना काढून घेऊन बंधनांचा परवाना लावला. बाहेरच्या लोकांनी दिलेल्या कामावरही तो लावता आला, कारण त्यांनी आधी तसा अधिकार देणारे संमतिपत्र भरून दिले होते. लोक संतापले, जुन्या आवृत्तीवरून निराळा प्रोग्रॅम काढला, पण सही तर झालेली होती. म्हणून आमच्याकडे येणाऱ्या मुलाला आम्ही पहिल्यांदा विचारतो, "या कागदात तू देतोस ते लिहिले आहे, ते काय देतात ते कोठे लिहिले आहे, दाखव." पुष्कळदा ते कोठेच लिहिलेले नसते.

मधला एक मार्ग अपाची फाउंडेशनसारख्या संस्थांचा आहे. मालकी तुमचीच, फक्त वापरण्याचा आणि पुढे देण्याचा व्यापक परवाना आम्हांस द्या. आणि तिसरा मार्ग लिनक्सवाल्यांचा. त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. २००३च्या मार्चमध्ये एस-सी-ओ नावाच्या कंपनीने आय-बी-एमवर दावा लावला की, आमच्या मालकीचा मजकूर तुम्ही लिनक्समध्ये घुसविला. तो खटला रेंगाळत रेंगाळत २०२१ साली तडजोडीने मिटला! पण त्या धक्क्याने टोरवाल्ड्स आणि मंडळी जागी झाली. कोणती ओळ कोणी आणली याचा दाखला असावा म्हणून २००४ साली त्यांनी एक पद्धत घातली. प्रत्येक दुरुस्तीखाली लेखकाने आपल्या नावाची ओळ घालायची. त्या ओळीचा अर्थ असा की, हे मी लिहिले आहे किंवा देण्याचा मला अधिकार आहे. मालकी कोणाकडे जात नाही, टपाल नाही, प्रतीक्षा नाही. पंचनाम्यावर साक्षीदार सही करतो, तसे ते आहे. २०२१ साली ग्नूच्याच जी-सी-सी या मोठ्या प्रोग्रॅमने, आणि त्यामागून त्याच्या शेजारच्या जी-लिब-सीने, हक्क लिहून देण्याची सक्ती उठवून हीही वाट मोकळी केली. ई-मॅक्स मात्र अजून जुन्या कागदावर ठाम आहे.

यांतला कोणता मार्ग चांगला? लहान दुरुस्तीला नावाची ओळ पुरे, मोठ्या कामाला कागद असलेला बरा, आणि कंपनीला मालकी देऊ नये, असे आमचे मत आहे. सभागृहात संगणकाचे जाणकार असतील, ते भांडतील. भांडावे.

आता परदेशी कागदाला आपला कायदा कोठे अडतो ते सांगतो, कारण ही गोष्ट परदेशच्या माणसांच्या ध्यानात सहसा येत नाही. आपल्या कायद्याच्या १९व्या कलमाप्रमाणे हक्काचे हस्तांतर लेखी व सहीचे हवे. कोणते काम, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात, हे त्यात हवे. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षे धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि घेणाऱ्याने एका वर्षाच्या आत तो हक्क वापरला नाही, तर कागदात वेगळे म्हटले नसल्यास हस्तांतर रद्द समजले जाते! लेखकाला गरजेपोटी फसवून पुस्तक दाबून ठेवू नये म्हणून घातलेले हे नियम आहेत, आणि त्यामागची दया खरी आहे. पण मुक्त प्रोग्रॅमला ते आडवे येतात. म्हणून कोणी आमच्याकडे मसुदा घेऊन आला तर आम्ही लाल पेन्सिलीने तीन ठिकाणी खुणा करतो: 'सर्व जगात', 'हक्काच्या संपूर्ण मुदतीसाठी', आणि 'एक वर्षाचा नियम लागू नाही'. एवढे शब्द असले की परदेशचा कागदही इथे उभा राहतो.

मुद्रांकाचे वेडही आपल्याकडे फार. सहा ओळींचे संमतिपत्र घेऊन मुलगा सिव्हिल लाइन्सला कोर्टाबाहेर जातो, तिथला टायपिस्ट त्याला "हे असं चालत नसते, भाऊ" म्हणतो, आणि मग 'मी खाली सही करणार, वय वर्षे इतके, धंदा नोकरी' अशी सुरुवात करून मूळ मजकूर असा काही बदलतो की पलीकडच्या कारकुनाला तो ओळखू येत नाही. २०२४पासून शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक आला. वेड तेवढे महाग झाले. आमचा सल्ला असा की, संस्थेने जो कागद मागितला तोच, तसाच, साध्या कागदावर द्यावा.

नावांचाही घोळ होतो. आधारवर वडिलांचे नाव मध्ये, पारपत्रावर आडनाव पुढे, प्रोग्रॅममध्ये रोमन लिपीत तीन अक्षरांचे टोपणनाव. मुलींचे तर विचारूच नका. लग्नाआधी एका नावाने केलेले काम आणि लग्नानंतर दुसऱ्या नावाने केलेली सही, ही एकाच बाईची आहेत हे पटविण्यासाठी एका मुलीला दोन महिने पत्रव्यवहार करावा लागला. तिने शेवटी वैतागून माहेरचे नाव कायम ठेवले. त्याला कारण आणखीही असतील. आम्ही विचारले नाही. अठरा वर्षांखालील मुलाचा करार तर कायद्याने होतच नाही. दहावीतला मुलगा उत्तम भाषांतर करतो, त्याच्या वतीने वडिलांची सही घ्यावी लागते, आणि वडील म्हणतात, "आधी बोर्डाची परीक्षा होऊ द्या."

पण हे सारे किरकोळ. खरी गाठ नोकरीची आहे. कायद्याचे १७वे कलम सांगते की, नोकरीच्या कामाच्या ओघात नोकराने जे लिहिले त्याचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालकच. रात्री घरी स्वतःच्या संगणकावर, कंपनीच्या कामाशी संबंध नसलेले लिहिले तर ते लेखकाचे. इतके कलम वाचून मुले निश्चिंत होतात. नेमणूकपत्र मात्र कोणी वाचीत नाही. चाळीस पानांचे ते पत्र आईने देवापुढे ठेवलेले असते. त्यात सतराव्या-अठराव्या पानावर असे कलम सापडते की, नोकरीच्या काळात कार्यालयात वा बाहेर, कामाच्या वेळात वा इतर वेळी, जे जे निर्माण होईल ते कंपनीचे. म्हणजे मुलाने जे मोठ्या मनाने दान केले ते आधीच दुसऱ्याला लिहून दिलेले होते. दुसऱ्याची गाय दान करण्यातला हा प्रकार.

म्हणून फाउंडेशनसारख्या संस्था नोकरदाराकडून मालकाचे ना-हरकतपत्र मागतात. आमच्या ओळखीचा एक तरुण इथल्याच एका कंपनीत होता. मराठीतील जोडाक्षरे ओळीच्या टोकाला भलत्या ठिकाणी तुटत, अर्धा 'स्' वर आणि 'त्री' खाली, हे त्याला सहन होईना. चार महिने रात्री बसून त्याने सुंदर उपाय लिहिला. पलीकडून उत्तर आले, काम उत्तम आहे, मालकाचे पत्र पाठवा. तो आपल्या साहेबाकडे गेला. साहेब भला मनुष्य. म्हणाला, "माझी हरकत नाही, पण सही करणारा मी कोण?" अर्ज मनुष्यबळ विभागात गेला, तेथे असा नमुनाच नव्हता. तेथून पुण्यास, पुण्याहून मुख्य कचेरीच्या कायदेखात्यात. कोणी नाही म्हटले नाही. हेच लक्षात घ्या, कोणीच नाही म्हटले नाही! सात महिन्यांनी पत्र आले, त्यात 'कंपनीच्या हितास बाधा येणार नाही इतपत' असे शब्द होते. ते पलीकडे चालले नाहीत. दरम्यान मुलाने नोकरी बदलली. त्याचा उपाय अजून त्याच्या घरच्या संगणकात आहे. मधल्या काळात दुसऱ्या देशातल्या कोणी निराळ्या पद्धतीने तीच अडचण सोडविली, त्याच्याइतकी चांगली नव्हे, असे तो म्हणतो. आम्ही तेव्हापासून मुलांना सांगतो की, पहिली ओळ लिहिण्यापूर्वी नेमणूकपत्र काढा. आणि नवी नोकरी धरताना, सही करण्याआधी, हे एक कलम सैल करून मागा. त्या दिवशी कंपनीला तुम्ही हवे असता. नंतर मागितलेल्या पत्राला सात महिने लागतात. मिहानमध्ये, परसोडीच्या आयटी पार्कमध्ये ज्यांची मुले लागली आहेत अशा आईबापांनी आज घरी जाऊन ते पत्र एकदा देवापुढून उचलून वाचावे.

शेवटी एक प्रसंग सांगतो. दोन वर्षांपूर्वी वर्ध्याहून एक निवृत्त मास्तर आमच्याकडे आले. त्यांच्या मुलाने मराठी शुद्धलेखन तपासण्याच्या एका मुक्त प्रोग्रॅमसाठी शब्दांची मोठी यादी आणि प्रत्यय लावण्याचे नियम केले होते. २०२१च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत मुलगा गेला. अविवाहित होता. पुढे त्या प्रोग्रॅमच्या चालकांना परवाना बदलावयाचा होता, म्हणजे ती यादी इतर मोठ्या प्रोग्रॅमांतही घालता आली असती. सर्वांच्या संमती आल्या, या एकाचे उत्तर येईना. शोधता शोधता त्यांना वडिलांचा पत्ता मिळाला. मास्तरांनी पत्राचे उत्तर स्वच्छ अक्षरात लिहून, खाली सही करून, मृत्यूचा दाखला जोडून सगळे तयार आणले होते.

आमच्या वकिलांनी कागद पाहिले आणि ते जरा वेळ बोलेनात. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात अविवाहित मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गाची वारस आई असते. बाप त्या वर्गात नाही. "गुरुजी," ते म्हणाले, "सही आईंची लागेल." मास्तरांनी आपला कागद परत घेतला, नीट घडी केली आणि म्हणाले, "बरोबर आहे. तीच त्याला शब्द पुरवीत असे. जात्यावरचे, शेतातले."

पुढल्या रविवारी दोघे आले. बाई सातवीपर्यंत शिकलेल्या. आम्ही त्यांना संमतिपत्र मराठीत वाचून दाखविले. संगणक त्यांना ठाऊक होता तो मुलाच्या खोलीतला. सगळे ऐकून त्यांनी एकच विचारले, "त्याचं नाव राहीन ना भाऊ त्याच्यात?"

या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे. ५७वे कलम सांगते की, हक्क लिहून दिल्यावरही आपण लेखक असल्याचे सांगण्याचा लेखकाचा अधिकार त्याच्याजवळच राहतो, आणि त्याच्यामागे त्याचे प्रतिनिधी तो चालवू शकतात. पण त्या घडीला कलम वाचणे बरे दिसले नसते. आम्ही प्रोग्रॅमसोबत जाणारी लेखकांची यादी उघडून दाखविली. नाव होते, पण रोमन अक्षरांत, टोपणनावासारखे. ते त्यांना वाचता आले नाही. आम्ही चालकांना लिहिले आणि दोन दिवसांत त्या ओळीपुढे पूर्ण नाव देवनागरीत आले. ते छापून आम्ही वर्ध्यास पाठविले.

चौथ्या दिवशी मास्तरांचे पोस्टकार्ड आले. बाईंनी सही केलेला कागद वेगळ्या पाकिटातून निघाला आहे, असे त्यात होते. शिवाय, चिरंजीवांच्या नावातील पहिली वेलांटी ऱ्हस्व पडली आहे, ती दीर्घ हवी, शुद्धलेखनाच्या यादीत तरी ही चूक राहू नये, असे लाल शाईने लिहिले होते. ती दुरुस्ती आम्ही त्याच संध्याकाळी पाठविली. एका अक्षराची होती; तिला कागद लागला नाही.